दोराचे दुसरे टोक

मालवणहून आचऱ्याकडे जाताना डाव्या हाताला जी वाळूची लांब पट्टी लागते, तिच्या काठी माझे लहानपण गेले. नारळी पौर्णिमा उलटली आणि समुद्र निवळला की रापण लागायची. होडी जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून पाण्यात जाई, जाळे सोडत सोडत मोठे अर्धवर्तुळ काढी आणि दुसरे टोक बऱ्याच अंतरावर पुन्हा वाळूवर आणून देई. मग दोन्ही दोरांवर माणसांच्या रांगा लागत. ओढता ओढता प्रत्येक जण मागे सरके. अगदी मागचा माणूस हातातला दोर वेटोळे करणाऱ्याच्या स्वाधीन करून पाण्याच्या कडेला जाई आणि तिथे नव्याने दोर धरी. माणसे बदलत राहत, रांगेतल्या जागा मात्र तेवढ्याच राहत. मी सात-आठ वर्षांचा असताना आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, मला पहिल्यांदा त्या रांगेत उभे केले. मी सारखा मान उंचावून जाळ्याकडे बघत होतो. आबा म्हणाले, "तुझ्या फुडच्याचो हात बघ, जाळ्याकडे बघू नको."

त्यांचे म्हणणे खरे होते. जाळ्यात काय चालले आहे हे रांगेतल्या कोणालाच थेट कळत नाही. लाट जाळ्याला धडकली की तिचा हिसका पहिल्या माणसाच्या हातून दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला असा येतो. ज्याला त्याला आपल्या पुढच्याचे आणि मागच्याचेच काय ते कळते. तरीही सगळा दोर मिळून एका तालात हलतो आणि तो ताल कोणा एकाचा नसतो. पुढे मुंबईला एमएस्सी करताना जेव्हा अनंत त्रिकर्णी मॅट्रिक्सशी माझी गाठ पडली, तेव्हा मला ही रांग आठवली आणि आज पंचवीस वर्षे गणित शिकवल्यानंतरही ती डोळ्यांसमोरून हटलेली नाही. हा लेख त्या मॅट्रिक्सविषयी आहे, आणि विशेषतः तिच्या दुसऱ्या टोकाविषयी आहे.

त्रिकर्णी मॅट्रिक्स म्हणजे संख्यांचा असा चौरस, ज्यात मुख्य कर्ण आणि त्याला लागून असलेले वरचा व खालचा असे तीनच कर्ण भरलेले असतात. बाकी सगळीकडे शून्य. या मॅट्रिक्सला कार्ल गुस्ताव याकोबी (१८०४–१८५१) या जर्मन गणितज्ञाचे नाव मिळालेले आहे. मुख्य कर्णावरची संख्या म्हणजे त्या जागेचा स्वतःचा आकडा आणि बाजूच्या कर्णांवरच्या संख्या म्हणजे शेजाऱ्याशी असलेला दुवा. अशी मॅट्रिक्स एखाद्या संख्यांच्या यादीवर चालवली की प्रत्येक जागी जी नवी संख्या येते ती फक्त तीन गोष्टींवरून ठरते: त्या जागेची जुनी संख्या, अलीकडच्या शेजाऱ्याची आणि पलीकडच्या शेजाऱ्याची. सर्वांत साधे उदाहरण घ्यायचे तर स्वतःचे आकडे सगळे शून्य आणि दुवे सगळे एक असे घ्यावे. मग नियम एका ओळीचा होतो: आपल्या जागी दोन्ही शेजाऱ्यांची बेरीज लिहावी.

आता प्रश्न असा की अशी कोणती यादी आहे, जिच्यावर हा नियम चालवला असता तीच यादी एखाद्या पटीने मोठी किंवा लहान होऊन परत मिळते? ती पट म्हणजे आयगेनमूल्य आणि ती यादी म्हणजे आयगेनसदिश. रांग मर्यादित असेल तर उत्तर देखणे आहे. रांगेत चार जागा असतील तर १८० अंशांचे पाच समान भाग करावेत. ३६, ७२, १०८ आणि १४४ अंश असे चार कोन मिळतात. प्रत्येकाचा कोसाइन काढून त्याची दुप्पट केली की चार आयगेनमूल्ये हाती येतात: १.६१८, ०.६१८ आणि त्यांच्याच ऋण जोड्या. १.६१८ म्हणजे सुवर्ण गुणोत्तर. पाच जागा घेतल्या तर ३ चे वर्गमूळ, १, शून्य आणि पुन्हा ऋण बाजूला तेच. नव्व्याण्णव जागा घेतल्या तर सर्वांत मोठे मूल्य १.९९९०१ येते. रांग कितीही वाढवली तरी २ हा आकडा गाठला जात नाही, पण खालची जागा मात्र अधिकाधिक दाट भरत जाते. ताणलेल्या दोरीवर समान अंतराने मणी ओवले तर त्या दोरीच्या कंपनांचे गणित याच मॅट्रिक्सवर येऊन थांबते, आणि लाग्रांज यांनी १७५९ साली ध्वनीवरच्या आपल्या लेखनात मण्यांच्या दोरीचा हा प्रश्न हाताळला होता. एक मणी असला तर एक सूर, चार मण्यांचे चार सूर, नव्व्याण्णव मण्यांचे नव्व्याण्णव सूर.

माझी चूक इथेच झाली. एमएस्सीच्या प्रकल्पात मी लिहिले होते की रांग अनंत केली असता आयगेनमूल्ये उणे २ ते २ या पट्ट्यात सर्वत्र पसरतात. मार्गदर्शकांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि समासात दोनच शब्द लिहिले: "सदिश दाखवा". मला ते उद्धट वाटले होते. दोन दिवस मी त्या शब्दांवर रागावून होतो, आणि तिसऱ्या दिवशी वही घेऊन सदिश शोधायला बसलो.

रांग पहिल्या जागेपासून सुरू होते आणि पुढे संपतच नाही असे समजावे. पहिल्या जागी १ लिहावा. आयगेनमूल्य १ हवे असेल तर नियमाप्रमाणे दुसऱ्या जागी १ येतो, तिसऱ्या जागी शून्य, मग उणे १, उणे १, शून्य, आणि पुन्हा १, १, शून्य. सहा जागांचे हे चक्र कधी थकत नाही. आयगेनमूल्य शून्य घेतले तर १, ०, उणे १, ०, १ असे अखंड चालू राहते. २ घेतले तर १, २, ३, ४ अशी यादी नुसती वाढत जाते. अनंत याद्यांच्या जगात, म्हणजे हिल्बर्ट अवकाशात, प्रवेश मिळण्याची अट एकच आहे: यादीतल्या सर्व संख्यांच्या वर्गांची बेरीज मर्यादित असली पाहिजे. वरच्या तिन्ही याद्यांपैकी एकही ही अट पाळत नाही. उणे २ ते २ मधली कोणतीही संख्या घेतली तरी हेच होते, आणि पट्ट्याबाहेरची घेतली तर यादी अधिकच वेगाने उधळते, २.५ घेऊन पाहिले की १, २.५, ५.२५, १०.६२५ अशी ती जवळजवळ दुपटीने वाढू लागते. म्हणजे या अनंत मॅट्रिक्सला आयगेनमूल्य एकही नाही. नव्व्याण्णव मण्यांना नव्व्याण्णव सूर होते, लाखाला लाख झाले असते, आणि अनंताला एकही नाही! तिसऱ्या दिवशीच्या रात्री हे मला कळले तेव्हा राग कुठल्या कुठे गेला. माझ्या रांगेला दुसरे टोक नव्हते. सूर टिकायला दोन टोके लागतात. एका टोकाकडून निघालेली लाट दुसऱ्या टोकावरून परत आली तरच ती जागच्या जागी उभी राहते. इथे ती गेली की गेली.

मग त्या पट्ट्याला काहीच अर्थ उरत नाही का? उरतो, आणि तो आयगेनमूल्यांपेक्षा जास्त खोल आहे. पहिल्या ३०० जागांवर १ लिहावा आणि पुढे सगळीकडे शून्य ठेवावे. मॅट्रिक्स चालवली की मधल्या प्रत्येक जागी १ आणि १ मिळून २ येतात, म्हणजे यादी बरोबर दुप्पट झाली. चूक फक्त तीन जागी होते: पहिल्या जागी अलीकडचा शेजारी नसल्यामुळे एक कमी पडतो, तीनशेव्या जागी पलीकडचा शेजारी शून्य असल्यामुळे एक कमी पडतो, आणि तीनशे एकाव्या जागी नको असलेला १ सांडतो. तीन जागांची चूक आणि तीनशे जागांची यादी. वर्गांच्या बेरजांची तुलना केली तर ३ भागिले ३००, आणि त्याचे वर्गमूळ काढले तर चूक अख्ख्या यादीच्या मानाने एक दशांश ठरते. यादी ३०,००० जागांची केली तर ती एक शतांशावर येते. म्हणजे २ ला खरा सदिश नसला तरी हवा तितका चांगला उसना सदिश मिळतो. अशा सर्व संख्यांचा मिळून जो संच होतो त्याला स्पेक्ट्रम म्हणतात, आणि आपल्या मॅट्रिक्सचा स्पेक्ट्रम आहे उणे २ ते २ हा अख्खा पट्टा, दोन्ही कडा धरून. मराठीत आपण त्याला वर्णपट म्हणतो आणि तो शब्द मला फार आवडतो, कारण पट म्हटला की तो सलग विणलेला असतो, त्यातून एकच धागा बोटात धरून वर काढता येत नाही. डाविड हिल्बर्ट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अनंत मॅट्रिक्सच्या अभ्यासात हा शब्द रुळवला. अणूंनी सोडलेल्या प्रकाशाच्या वर्णपटाशी त्याचे खरेच नाते आहे हे पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) आल्यावर, म्हणजे १९२५–२६ नंतर, उघड झाले. नाव आधी पडले आणि नाते मागाहून सापडले.

पण वर्णपट म्हणजे केवळ पट्टा नाही. पट्ट्याच्या कोणत्या भागात किती वजन आहे हेही महत्त्वाचे असते. ते मोजायचा मार्ग मला आमच्या विहिरीच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर सापडला असे म्हटले तरी चालेल. सर्वांत खालच्या पायरीवर उभे राहावे. दर वेळी एक पायरी वर किंवा एक पायरी खाली जायचे, पाण्यात पाय घालायचा नाही, आणि ठरावीक पावलांनी पुन्हा खालच्या पायरीवर यायचे. दोन पावलांत हे एकाच प्रकारे जमते: वर आणि खाली. चार पावलांत दोन प्रकारे, सहा पावलांत पाच प्रकारे, आठ पावलांत चौदा प्रकारे आणि दहा पावलांत बेचाळीस प्रकारे जमते. आपल्या मॅट्रिक्सचा दुसरा, चौथा, सहावा, आठवा घात काढून डाव्या वरच्या कोपऱ्यातला आकडा पाहिला तर तिथे हेच १, २, ५, १४ बसलेले दिसतात, कारण मॅट्रिक्सचा प्रत्येक गुणाकार म्हणजे शेजारच्या पायरीवर टाकलेले एक पाऊल असते. या आकड्यांना कातालान संख्या म्हणतात. आता उणे २ ते २ या पट्ट्यावर, शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच, असे वजन पसरायचे की वर्गाची सरासरी १ यावी, चौथ्या घाताची २, सहाव्याची ५, आठव्याची १४ आणि पुढेही याच क्रमाने. असे वजन एकच आहे आणि त्याचा आकार अर्धवर्तुळाचा आहे: मधे सर्वांत जास्त, दोन्ही कडांना शून्य. युजीन विग्नर यांना १९५५ च्या सुमारास अगदी वेगळ्या वाटेने, यादृच्छिक, म्हणजे नशिबाने पडतील ते आकडे भरलेल्या, मॅट्रिक्सच्या आयगेनमूल्यांचा विचार करताना, हेच अर्धवर्तुळ भेटले. मला मात्र ते पहिल्यांदा कागदावर उमटले तेव्हा होडीने पाण्यात काढलेले अर्धवर्तुळच दिसले. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही हे मला ठाऊक आहे, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही.

ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते, आणि या विषयाचे निम्मे वैभव तिच्यात आहे. त्रिकर्णी मॅट्रिक्स दिली की वजनाची वाटणी मिळते. उलट, रेषेच्या एखाद्या मर्यादित भागावर वजनाची वाटणी दिली की तिच्यापासून लंब बहुपदी (दोन वेगवेगळ्यांच्या गुणाकाराची त्या वजनाने काढलेली सरासरी शून्य येते अशा बहुपदी) तयार होतात, त्या एकमेकींशी तीन पदांच्या नियमाने बांधलेल्या असतात, आणि त्या नियमातले आकडे म्हणजे पुन्हा त्रिकर्णी मॅट्रिक्सच. जाँ फावार यांचे १९३५ चे प्रमेय या नात्यावर शिक्कामोर्तब करते. यातून निघणारी गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. कितीही गुंतागुंतीचा, ज्यात प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध आहे असा सममित ऑपरेटर, म्हणजे याद्यांवर चालणारा आणि दोन जागांमधला दुवा दोन्हीकडून सारखाच असणारा नियम, घेतला आणि एक योग्य सदिश सुरुवातीला निवडला, तर जागांची अशी नवी रांग लावता येते की त्या रांगेत प्रत्येकाचा संबंध फक्त शेजाऱ्याशी उरतो. कॉर्नेलियस लांझोस यांनी १९५० साली याचीच गणनपद्धती बसवली आणि प्रचंड मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये काढायला संगणकांवर ती आजही वापरतात.

आता रांगेतली एकच जागा बिघडवून पाहू. पहिल्या जागेचा स्वतःचा आकडा शून्याऐवजी २ करावा, बाकी सगळे होते तसेच ठेवावे. मग १, अर्धा, पाव, अष्टमांश अशी निम्म्यानिम्म्याने घटणारी यादी घेऊन पाहावी. पहिल्या जागी दोनदा १ अधिक अर्धा, म्हणजे अडीच. दुसऱ्या जागी १ अधिक पाव, म्हणजे सव्वा, आणि तो अर्ध्याच्या बरोबर अडीचपट आहे. तिसऱ्या जागी अर्धा अधिक अष्टमांश, म्हणजे पाच अष्टमांश, आणि तो पावाच्या अडीचपट आहे. यादी जशीच्या तशी अडीचपट होऊन परत आली, आणि तिच्या वर्गांची बेरीज मर्यादित आहे. म्हणजे अनंत रांगेला अखेर एक खरा सदिश मिळाला, पण तो बिघडलेल्या टोकाला बिलगून बसलेला आहे, आणि त्याचे मूल्य २.५ पट्ट्याच्या बाहेर एकटे उभे आहे. पट्टा मात्र जागचा हललेला नाही. हर्मान वाइल यांनी १९०९ साली दाखवले की असे आवरते बदल वर्णपटाचा गाभा बदलू शकत नाहीत. टोकाच्या आकड्याने १ ही मर्यादा ओलांडल्याशिवाय असा सदिश जन्मत नाही. पण रांग दोन्ही दिशांना अनंत असेल आणि बिघाड मधेच असेल तर कितीही लहान बिघाड पुरतो, आणि तेच २.५ मिळवायला मधे २ ऐवजी दीड पुरे होतो. उघड्या टोकापेक्षा मधली जागा अधिक हळवी असते हे मला आधी उलटे वाटले होते. मधल्या जागेला दोन्हीकडून आधार आहे, आणि म्हणूनच तिथे जमा झालेले लवकर पांगत नाही.

एक नाही, सगळ्याच जागा थोड्याथोड्या आणि बेभरवशाने बिघडल्या तर? फिलिप अँडरसन यांनी १९५८ साली अशुद्ध स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनविषयी हा प्रश्न विचारला आणि पुढे १९७७ चे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांबरोबर मिळाले. एका रांगेपुरते उत्तर निर्दय आहे: यादृच्छिकपणा कितीही सौम्य असला तरी लाट अडकते, प्रत्येक सदिश आपल्या आसपासच विझून जातो.

बेशिस्त आणि शिस्त यांच्या मधे एक प्रदेश आहे, आणि आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला तो परका वाटू नये. आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास अंदाजाने मिळतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. म्हणजे घड्याळाच्या बारा तासांच्या तबकडीवर भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते आणि सोळा पावलांत एक फेरी पुरी करते. हा झाला सोयीचा हिशेब. खरा चंद्र इतका आज्ञाधारक नाही. त्याचे रोजचे सरकणे या पाऊण तासापेक्षा थोडे जास्त असते आणि पंधरवड्याच्या शेवटी हिशेब पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. आता दोन्हीकडे अनंत असलेली एक रांग घ्यावी, प्रत्येक जागेवर तबकडीवरचा काटा ठरावीक पावलाने पुढे सरकवावा, आणि त्या काट्याच्या कोनाच्या कोसाइनची दुप्पट हा त्या जागेचा स्वतःचा आकडा धरावा. काटा सोळा पावलांत बरोबर जागेवर येत असेल तर रांग दर सोळा जागांनी स्वतःला गिरवते आणि वर्णपट जास्तीत जास्त सोळा सलग पट्ट्यांचा होतो. पण पाऊल अपरिमेय असेल, म्हणजे काटा कितीही फेऱ्यांनंतर कधीच नेमक्या जुन्या जागी येत नसेल, तर पट्टे फाटत जातात, फाटलेल्या तुकड्यांना पुन्हा भेगा पडतात, आणि शेवटी उरते ती कांटोरच्या संचासारखी धूळ: कुठेही सलग नाही, तरी अगणित बिंदूंनी भरलेली, आणि एकूण लांबी शून्य.

हे चित्र डग्लस हॉफस्टॅटर यांनी १९७६ साली, चुंबकीय क्षेत्रातल्या स्फटिकाचा विचार करताना, पाऊल बदलत बदलत काढले आणि पंख पसरलेल्या फुलपाखरासारखे ते दिसले. प्रत्येक अपरिमेय पावलाला, आणि कोसाइनला शून्याखेरीज कोणत्याही आकड्याने गुणले तरी, वर्णपट कांटोर संचच असतो हे सिद्ध करणाऱ्याला मार्क काट्स यांनी १९८१ साली दहा मार्टिनी (मद्याचे एक मिश्र पेय) देऊ केल्या, आणि प्रश्नाला तेच नाव चिकटले. बऱ्याचशा पावलांसाठी ते जोआकीम पुइग यांनी २००४ मध्ये दाखवले, आणि आर्तुर आविला व स्वेतलाना जितोमिर्स्काया यांची संपूर्ण सिद्धता २००९ साली प्रसिद्ध झाली. पावलाच्या अपरिमेयतेची जात पाहून सिद्धतेची वाट बदलावी लागते, आणि दोन वाटांच्या मधे उरलेली चिंचोळी जागा त्यांना भरून काढावी लागली. तो भाग मी अजून पुरता पचवलेला नाही आणि दर सुट्टीत तो पुन्हा उघडतो.

इतका वेळ दुवे लहानच होते. ते वाढत गेले तर काय होते, हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत मोठा प्रश्न वाटतो. १९२५ मध्ये हायझेनबर्ग, बोर्न आणि योर्दान यांनी पुंजयामिकी मॅट्रिक्सच्या भाषेत मांडली तेव्हा झोके घेणाऱ्या कणाची जागा दाखवणारी मॅट्रिक्स त्रिकर्णीच निघाली. तिचे दुवे १, २, ३, ४ यांच्या वर्गमुळांच्या प्रमाणात वाढतात, आणि तिचा वर्णपट म्हणजे संपूर्ण संख्यारेषा. कण कुठेही सापडू शकतो हे त्या मॅट्रिक्सला ठाऊक आहे. तिच्यात काही अडचण येत नाही. दुवे १, २, ३, ४ असे सरळ वाढले तरी येत नाही. पण ते १, ४, ९, १६ असे वर्गाने वाढले तर एक विलक्षण गोष्ट घडते. दुवा जितका मोठा, तितकी लाट त्या जागेवरून लवकर पुढे जाते. ढोबळमानाने प्रत्येक जागेला लागणारा वेळ हा दुव्याचा व्यस्त धरता येतो. १ अधिक अर्धा अधिक एक तृतीयांश ही बेरीज वाढतच जाते, म्हणून तिथे लाटेला अनंताला पोचायला अनंत काळ लागतो. १ अधिक पाव अधिक एक नवमांश ही बेरीज मात्र १.६४५ च्या आसपास थांबते. म्हणजे लाट मर्यादित वेळात अनंताला जाऊन पोचते, आणि पोचल्यावर तिने काय करायचे हे मॅट्रिक्समध्ये कुठेही लिहिलेले नाही.

रांगेला पलीकडे टोक नाही असे मी वर ठामपणे म्हटले. इथे ते टोक परत येते. अनंतावर एक नवी अट आपल्याला आपल्या हाताने घालावी लागते, तेव्हाच ऑपरेटर स्वसंलग्न होतो, म्हणजे लाटेचे पुढे काय होणार हे पुरते ठरते, आणि अट बदलली की वर्णपटही बदलतो. प्रत्येक अटीसाठी सुटीसुटी आयगेनमूल्ये मिळतात, खरेखुरे सदिश मिळतात, मण्यांच्या दोरीवरचे हरवलेले सूर परत येतात. दुव्यांच्या व्यस्तांची बेरीज अमर्याद वाढत असेल तर असा प्रसंग येत नाही, ही कसोटी टोर्स्टेन कार्लमान यांची आहे. पण या दुहेरी शक्यतेची पहिली चाहूल थॉमस स्टील्टयेस यांना लागली. ते डेल्फ्टला परीक्षांत नापास झाले होते, लायडनच्या वेधशाळेत नोकरी करत करत त्यांनी गणित केले, शार्ल एर्मीत यांच्याशी त्यांचा शेकडो पत्रांचा व्यवहार झाला, आणि अविरत अपूर्णांकांवरचा (छेदात पुन्हा अपूर्णांक असे चालत राहणाऱ्या अपूर्णांकांवरचा) त्यांचा थोर निबंध १८९४ साली छापून येऊ लागला. त्यात त्यांनी रेषेवरच्या वजनाच्या अशा वेगवेगळ्या वाटण्या दाखवल्या, ज्यांच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, सगळ्याच घातांच्या सरासऱ्या तंतोतंत सारख्या आहेत. सगळी मोजमापे जुळतात आणि तरी वस्तू वेगळी असते. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला तुलूझ येथे ते वारले. त्यांना ३८ वर्षे पुरी होऊन दोन दिवस झाले होते. त्या निबंधाची पाने उलटताना मला दर वेळी ती तारीख आठवते.

गेल्या कार्तिकात मी घरी गेलो होतो. आबा आता नाहीत, पण आमच्या भागात रापण अजून लागते. पुतणी नऊ वर्षांची आहे. तिने आदल्या रात्रीच पाऊणकीचा पाढा म्हणून षष्ठीची भरती साडेचारला असल्याचे मला सांगून ठेवले होते. तिला रांगेत माझ्या मागे उभे केले. थोड्या वेळाने ती मागे वळून वाळूवर चढत चाललेल्या दोराच्या वेटोळ्याकडे बघू लागली आणि तिने विचारले, "काका, हा दोर कुठे संपतो?" मी तिला वेटोळ्याच्या तळाशी गाडले गेलेले टोक दाखवायला निघालो, तेवढ्यात पुढच्याच्या हाताला हिसका बसला, मग माझ्या, आणि तिने दोन्ही हातांनी दोर घट्ट धरला.